फावतं म्हणायचं नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यानंतर गॅरेज, मग लायसन्स, मग बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्याची बस. कामगारांना घरून उचलायचं, पाळी सुटली की घरी सोडायचं. रिटायर होईपर्यंत तेच केलं. त्यामुळे कॉम्प्युटरचा मॉनिटर कसा घ्यावा हे माझ्यासारख्याने लिहावं याची मलाच गंमत वाटते. पण मी घेतला आहे. आधी चुकीचा घेतला, मग बरोबर घेतला. म्हणून सांगतो.

मॉनिटर हवा होता गेम खेळायला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तरसालीत आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हसून झालं आहे. समोरच्या बेनने तर दारात उभं राहून विचारलं, "काका, तमे गेम रमो छो? आ उंमरे?"

मी म्हटलं, "तुम्ही सिरियल बघता, मी ट्रक चालवतो. माझा ट्रक निदान कुठेतरी पोचतो."

ट्रक चालवायचाच खेळ आहे तो. माल भरायचा, परदेशातल्या रस्त्यांवरून न्यायचा, उतरवायचा. मारामारी नाही, बंदुका नाहीत. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे अंगवळणी पडेपर्यंत मी समोरच्या बऱ्याच गाड्या ठोकल्या. सबंध नोकरीत एक ओरखडा नाही, आणि इथे पहिल्या आठवड्यात ट्रकचं तोंड राहिलं नव्हतं.

हा खेळ माझ्या मुलाने लावून दिला. तो पुण्याला असतो. गेल्या वर्षी माझी बायको गेली. पोटाचा आजार होता, कळला तेव्हा डॉक्टरच्या हातात काही उरलं नव्हतं. ती होती तोवर मुलाचा फोन म्हणजे तिचा फोन. ती बोलायची आणि मी शेजारी खुर्चीत बसून ऐकायचो. शेवटी ती विचारायची, "अहो, बोलायचंय का?" मी मान हलवायचो आणि ती ठेवून द्यायची. ती गेल्यावर फोन माझ्याकडे आला.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"ठेवू मग?"

"ठेव."

याच्या पुढे आमची गाडी सरकायची नाही. राग नव्हता, भांडण नव्हतं. पण मध्ये काहीतरी अडकलेलं होतं. मला वाटायचं मी बोलका नाही म्हणून. बारावं-तेरावं झाल्यावर तो जायला निघाला तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग बॅग उचलली.

दिवाळीला आला तेव्हा त्याने आपला कॉलेजचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला, त्यात हा खेळ भरला. जुन्या बाजारातून एक खेळाचं स्टिअरिंग आणलं, ते टेबलाला आवळून बसवलं. खाली पेडल. कानाला हेडफोन. म्हणाला, "तुम्ही इथून चालवा, मी पुण्याहून चालवतो. आपले ट्रक एकाच रस्त्यावर असतील."

मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. पण बसलो. हातात स्टिअरिंग आल्यावर मला बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू.

आणि बोलायला लागलो. संध्याकाळी लवकर जेवून बसायचं, माल घ्यायचा, निघायचं. दोघांची तोंडं रस्त्याकडे असली की बोलता येतं. बसमध्ये मी हे पाहिलं होतं. माणसं ड्रायव्हरपाशी येऊन उभी राहायची आणि घरातलं सगळं सांगायची, कारण ड्रायव्हर मान वळवून बघत नाही. मुलगा मला त्याच्या साहेबाबद्दल सांगायचा, घरमालकाबद्दल सांगायचा. मी त्याला सांगायचो की तुरीची डाळ शिजत नाही, काय करू. तो म्हणायचा, "भिजवा आधी." आईचं मात्र आम्ही दोघंही काढत नव्हतो.

असं चाललं होतं आणि मॉनिटर गेला. त्याच्या कॉलेजचाच होता तो, चौकोनी, रंग पिवळट झालेले. आधी थरथरायला लागला, मग मधूनच काळा व्हायचा. बाजूला चापट मारली की यायचा. मग चापटीलाही ऐकेना. मला साधा हिशेब कळत होता. पडदा गेला की ट्रक गेला, आणि ट्रक गेला की आम्ही परत "जेवलात का, जेवलो" वर येणार. म्हणून मला घाई होती.

मुलगा म्हणाला, "मी ऑनलाइन पाठवतो."

"न बघता? मी टायरसुद्धा हात लावल्याशिवाय घेतला नाही."

"बरं, तुम्ही घ्या. पण ऐका. चोवीस इंच, फुल एचडी, आयपीएस जातीचा पडदा. हर्ट्झच्या नादी लागू नका."

"म्हणजे काय?"

त्याने समजावलं. पडदा एका सेकंदात कितीदा नवं चित्र दाखवू शकतो, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. दुकानदार मोठा आकडा सांगतात. पण चित्रं बनवतो कॉम्प्युटर, आणि माझा कॉम्प्युटर म्हातारा, साठ चित्रं काढतानाच त्याला धाप लागते. मी म्हटलं, कळलं. इंजिन बसचं असेल तर रेसचे टायर लावून काय उपयोग. तो म्हणाला, "बराबर." पुण्यात राहून त्याचं हे बडोद्याचं बराबर अजून गेलेलं नाही.

दहा-बारा हजारांच्या आत बसवायचं ठरवून मी रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. मालक चाळिशीचा, पोटावर पट्टा न बसणारा, बोलायला गोड. मी म्हटलं चोवीस इंच दाखव. त्याने दाखवला, आणि शेजारचा सत्तावीस इंची चालू केला.

"आ जुओ, काका. कर्व्ड छे. एकसो पांसठ हर्ट्झ. ऑफरमां तमारा बजेटमां बेसी जाय."

त्यावर रंगीत मासे पोहत होते. पडदा दोन्ही बाजूंनी आत वळलेला, अगदी बसच्या पुढच्या काचेसारखा. माझी तिथेच विकेट गेली. आयपीएस वगैरे विचारायचं राहिलंच. मासे एकदम झकास दिसत होते.

"डब्बो फेंकी ना देता," तो म्हणाला. "न फावे तो अठवाडियामां बदली आपीश."

म्हणजे खोका ठेवा, नाही फावला तर आठवड्यात बदलून देईन. आता इथे या फावण्याबद्दल सांगायला हवं. गुजरातीत फावणं म्हणजे जमणं, सोयीचं पडणं. आम्ही बडोद्याचे मराठी लोक, आमचे वाडवडील संस्थानच्या फौजेबरोबर इथे आले. घरात मराठी बोलतो पण हा शब्द आमच्या मराठीत कधी शिरला कोणाला ठाऊक. मला ही खुर्ची फावते. तुला रविवार फावेल का. माझी बायको कऱ्हाडची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने विचारलं, "सूनबाई, इथलं पाणी फावतं का?" तिने नुसती मान हलवली. रात्री मला म्हणाली, "अहो, आमच्याकडे फक्त चोराचं फावतं. पाणी कसं फावेल?" माझ्या आईला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसत बसली.

पण पुढे तीच हा शब्द आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वापरायला लागली. घर लहान, फावतं. पाणी एकच वेळ, फावतं. नवऱ्याची पाळी बदलली, फावतं. गुजरातेत हा मोठा गुण समजतात, की काहीही आलं तरी माणसाने फावशे म्हणावं आणि पुढे जावं. आणि गुण आहेच तो. त्यावर आमचा संसार झाला.

तर तो वाकडा मॉनिटर मी रिक्षात घालून घरी आणला. मुलाने विचारलं, "कसा आहे?"

मी म्हटलं, "फावतो."

दिवसाच्या रस्त्यावर खरंच बरा होता. पण खेळात रात्र पडते. रात्र पडली की त्या पडद्यावर अंधार चिखलासारखा व्हायचा. पुढचा ट्रक हलला की त्याच्या मागे काळं फरफटत यायचं, ओल्या शाईवरून बोट फिरवावं तसं. रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं दातेरी दिसायची. समोरून गाडी आली की तिचे दिवे फुटायचे. मला वाटलं, नवीन वस्तू आहे, डोळ्यांना सवय होईल. मुलगा रोज विचारायचा आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो. ऑफरमध्ये हौसेने आणलेली वस्तू, त्याने सांगितलेली सोडून आणलेली, आता काय तोंडाने नावं ठेवायची.

मग एकदा एका उतारावर तो पुढे होता. त्याने ब्रेक लावला. मला ते लाल दिवे दिसले ते फार उशिरा. मी सरळ त्याच्या मागे घुसलो. त्याचा ट्रक कठड्याला जाऊन आडवा झाला.

"बाबा! दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं. पाय घसरला."

"खरं सांगा. मॉनिटरवर नीट दिसतंय ना?"

"दिसतंय रे. फावतंय मला."

  मग तो म्हणाला, "गाडी बाजूला घ्या." मी घेतली आणि सवयीने चारही दिवे लावले.

"हा शब्द माझ्याशी परत बोलू नका."

"कुठला?"

"फावतंय. आईला विचारायचो पोट कसं आहे, तर फावतंय. जेवण जातं का, तर थोडं थोडं फावतंय. आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होता. तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"तिला किती दुखतंय ते. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही एकदाही फोन हातात घेऊन मला सांगितलं नाही."

मध्ये काय अडकलं होतं ते मला तेव्हा कळलं. वर्षभर हे पोर असं धरून बसलं होतं की बापाने लपवलं.

मी म्हटलं, "मलाही तेच सांगायची."

"एका घरात राहून?"

"एका घरात राहून. मी विचारायचो, पोट धरून का बसलीस. ती म्हणायची, काही नाही, अशी बसले की फावतं, तुम्ही चहा घ्या. मी चहा घ्यायचो. मला वाटायचं, फोनवर तुला खरं सांगत असेल. मी अंघोळीला गेलो की तुम्ही बोलायचात ना. मला वाटायचं आई पोराला सांगते."

तो म्हणाला, "मला वाटायचं तुम्हाला सांगते."

"नाही."

"मला पण नाही."

दोन ट्रक रस्त्याच्या कडेला, त्याचा आडवा, माझा उभा. खेळातल्या गाड्या भुर्रकन बाजूने जात होत्या. तो रडत होता, मला ऐकू येत होतं. मी रडलो की नाही ते मी लिहिणार नाही.

नंतर नाक ओढून तो म्हणाला, "आता सांगा. काय काय दिसत नाही?"

मी एकेक सांगितलं. चिखल, शाई, पाट्या, फुटणारे दिवे. तो म्हणाला, "तुम्ही आयपीएस सोडून व्हीए जातीचं पॅनेल उचललं. दिवसा छान दिसतं, पण स्वस्तातलं असलं की अंधारात असं फरफटतं. आणि सत्तावीस इंचाला फुल एचडी ताणलं की अक्षरं तुटतात. तुमचा काही दोष नाही. उद्या बदलून आणा. आणि माशांवर जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी तो खोका, माझा कॉम्प्युटर, स्टिअरिंग आणि पेडल असं सगळं रिक्षात भरलं. रिक्षावाला म्हणाला, "घर बदलो छो, काका?" दुकानदाराने मला सामानासकट आत येताना पाहिलं आणि त्याचं तोंडच उतरलं.

मी म्हटलं, "बदलून दे म्हणालास. देशील ना?"

"आपीश ज ने. पण आ बधुं?" त्याने सगळ्या सामानावरून हात फिरवला.

"ट्रायल घेतल्याशिवाय गाडी घेत नाही मी. रात्रीचा रस्ता लावून बघणार."

स्टिअरिंग मी त्याच्या काउंटरला आवळलं. तो म्हणाला, "काका, आ दुकान छे के आरटीओ?" एक गिऱ्हाईक माउस घ्यायला आलं होतं, ते थांबून बघायला लागलं. मुलाला ऑफिसात जेवणाची सुट्टी होती म्हणून त्याला व्हिडिओवर घेतलं आणि फोन प्रिंटरच्या खोक्याला टेकवून ठेवला.

पहिला लावला तो सगळ्यात स्वस्त होता. समोरून ठीक. पण मी जरा खाली वाकलो तर चित्र काळवंडलं. मुलगा म्हणाला, "तो टीएन जातीचा आहे, सोडा." मग चोवीस इंचाचा सपाट, आयपीएस, शंभर हर्ट्झचा. "शंभर चालतील," मुलगा म्हणाला, "हल्ली साठचे फारसे मिळतच नाहीत. त्यासाठी जास्त पैसे द्यायचे नाहीत, एवढंच."

मी खेळात रात्र लावली आणि निघालो. आता पुढचा ट्रक काळा तर काळा, पण त्याच्या कडा जागेवर. अंधार मागे लोंबत नव्हता. पाटी वाचता आली. उभ्याउभ्या पेडल मारत होतो, त्यामुळे कंबर धरली, तो भाग वेगळा.

दुकानदाराने मान पुढे करून विचारलं, "फावशे ने, काका?"

तोंडात आलंच होतं. पण फोनमधून मुलगा बघत होता.

मी म्हटलं, "आरसे दिसतात. पाटी वाचता येते. ब्रेकचे लाल दिवे सुटे सुटे दिसतात. पण समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे अजून फुटतात. भोवती गोल पसरतो."

दुकानदाराने खिशातलं फडकं काढून पडदा पुसला. "हवे?" म्हणजे आता कसं.

"अजून तेच."

त्याने उजेड कमी केला. तेच. वायर काढून परत लावली. तेच. माउसवाल्या गिऱ्हाइकालाही त्याने बोलावलं, "जुओ ने, तमने गोळ देखाय छे?" त्याला काही गोल दिसत नव्हते.

मुलगा म्हणाला, "बाबा, उजवा डोळा झाका."

मी झाकला. पडदा, दुकानदार, मागची खोकी, सगळं दुधात बुडाल्यासारखं.

"आता डावा झाका."

झाकला. स्वच्छ.

"डाव्याने धूसर दिसतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून थोडं होतं. आता वाढलंय. मी डावा जरा मिटूनच चालवतो."

दुकानदार म्हणाला, "काका, आमां मॉनिटरनो वांक नथी." मॉनिटरचा दोष नाही, हे त्याला स्पष्ट करून ठेवायचं होतं. मग म्हणाला, "मोतियो हशे. मारा पप्पाने हतो. नानुं ऑपरेशन छे, बीवा जेवुं नथी." म्हणजे मोतीबिंदू असेल, छोटं ऑपरेशन, घाबरण्यासारखं नाही. आणि मला बसायला स्टूल सरकवलं, जे त्याने आल्या आल्या द्यायला हवं होतं.

फोनमधून मुलगा म्हणाला, "मी शनिवारी येतो. डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ."

"एवढ्यासाठी येणार?"

"एवढ्यासाठीच येणार."

नोकरी आहे, भाडं लागतं, मी एकटा जाऊन येईन, हे सगळं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "ये."

चोवीस इंची सपाट घेतला. ऑफरचा वाकडा त्याने परत घेतला, वरचे पैसे कुरकुरत दिले. डोळा साफ होईल तेव्हा हाच मॉनिटर आणखी चांगला दिसेल असं मुलगा म्हणतो. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी मासे बघून घेऊ नये, आपला खेळ लावून बघावा, आणि एकेक डोळा झाकून बघावा. म्हाताऱ्यांनी तर बघावाच.

त्या संध्याकाळी आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. रस्ता दुपदरी आणि समोरून गाड्या, त्यामुळे त्याला ओव्हरटेक न करता मी त्याच्या मागेच रेंगाळत होतो. पहिल्यांदाच मी त्याला आपणहून सांगितलं, "समोरची गाडी किती लांब आहे याचा मला अंदाज येत नाहीये."

"मग मी सांगतो," तो म्हणाला. "मला पुढचं दिसतंय. थांबा जरा."

एक टँकर गेला. एक गाडी गेली. मी क्लचवर पाय ठेवून वाट बघत होतो. तिथे क्लच नाही, तरी पाय जातो.

"आता मोकळं आहे, बाबा. घ्या."

मी दिवा दिला आणि गाडी बाहेर घेतली.